आईचा दुभाष्या

फ्राउ झायडल यांनी दारातच बूट काढून बाजूला ठेवले, तेव्हा संघर्षला जरा हायसं वाटलं. शहराच्या गृहनिर्माण खात्याकडून आलेल्या या बाई साध्या दिसत होत्या. आता फक्त आई गप्प बसली की झालं.

अंजनाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. नागपूरला इंदोऱ्यात त्यांनी भाड्याच्या खोल्यांत संसार केला होता आणि दर घरमालकाशी भांडून नळ मिळवला होता. मुलगा जर्मनीत येना शहरात पीएचडी करत होता, म्हणून मार्चमध्ये त्या त्याच्याकडे राहायला आल्या. जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण महिनाभरात जिन्यातल्या सगळ्यांशी त्यांची गट्टी जमली होती.

आणि आता त्या जिन्यावरच गदा आली होती. घराच्या डागडुजीसाठी शहरानं पूर्वी मालकाला स्वस्तात कर्ज दिलं होतं. भाडी कमीच ठेवायची, ही त्यावरची अट. आता मालक घर विकत होता. ते कर्ज शहरानं नव्या मालकाच्या नावावर केलं, तर अटही त्याच्या गळ्यात पडणार होती. नाही केलं, तर तो कर्ज फेडून मोकळा, आणि भाडी त्याच्या मर्जीवर.

पडक्या घरात शहर आपला पैसा अडकवत नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. म्हणून भाडेकरूंनी एकमतानं ठरवलं होतं: पाहणीला बाई आल्या की तक्रारीचा शब्द काढायचा नाही. संघर्षच्या शिष्यवृत्तीत दुसरं घर बसत नव्हतं. खालच्या, पहिल्या मजल्यावरच्या एकट्या म्हाताऱ्या फ्राउ क्राउझ यांना तर जायला जागाच नव्हती.

"घर कसं वाटतं तुमच्या आईंना?" फ्राउ झायडल यांनी जर्मनमध्ये विचारलं.

संघर्षनं नाइलाजानं प्रश्न आईला सांगितला.

"तिले सांग," अंजनाबाईंनी पदर खोचला, "मी आली तसा हा बॉयलर घडीघडी बंद पडते. स्वेटरवर स्वेटर घालून झोपली मी. मालकानं एकदा तोंड नाही दाखवलं. अन् तळघरात अशी ओल, का भिंतीले हात लावला तर हात ओला होते."

संघर्षनं घसा खाकरला. "आई म्हणते, घर उबदार आहे. तळघरही ऐसपैस आहे."

फ्राउ झायडल यांना जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन त्या लिहायला लागल्या. दोन वाक्यांच्या मानानं बराच वेळ लिहीत होत्या.

"आणखी काही?"

"आहे न! खालची म्हातारी कमरेनं अधू. जिन्याले कठडा एकाच बाजूनं, अन् तिच्या नेमक्या त्याच हातात जोर नाही. चार पायऱ्या चढते अन् टेकते बिचारी. तिले घराबाहेर काढाल, तर मी नागपूरवरून परत येऊन तुमच्या कचेरीसमोर बसीन, म्हणा!"

संघर्षचे कान तापले. "आई म्हणते, शेजारी फार चांगले आहेत. शहराचे ती मनापासून आभार मानते."

"त्या एवढं बोलल्या, आणि जर्मनमध्ये एवढंसंच?"

"आमची भाषा जरा पसरट आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ झायडल गंभीरपणे म्हणाल्या आणि वहीत डोकं घातलं.

अंजनाबाईंनी लाडवांचा डबा पुढे केला. "घे वो बाई, लाजू नको. अजून एक घे." संघर्ष तोंड उघडेपर्यंत फ्राउ झायडल यांनी दुसरा लाडू उचललाही होता.

त्या गेल्यावर आईनं विचारलं, "सगळं सांगितलं न रे तिले?"

"हो आई. सगळं."

"शाबास," अंजनाबाई म्हणाल्या. त्या शाबासकीनं त्याला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

मे महिन्यात नगरपालिकेच्या सभागृहात समितीचा निर्णय व्हायचा होता. सगळे भाडेकरू मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. ड्युसेलडॉर्फचा नवा मालक पुढे, कडक इस्त्रीच्या सुटात. फ्राउ झायडल उठून बोलू लागल्या. कर्ज नव्या मालकाच्या नावावर करावं, भाड्याची अट कायम ठेवावी, अशी त्यांची शिफारस होती. मागून टाळ्या पडल्या.

"आल्झो, थांबा, अजून संपलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यासाठी मालकानं हिवाळ्याच्या आत नवा बॉयलर बसवावा. तळघराची ओल काढावी. आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावावा."

नव्या मालकानं कपाळाला आठ्या घातल्या, पण मान डोलावली. समितीचे सगळे हात वर गेले.

बाकांवर एकच कल्ला उसळला. कुणी संघर्षच्या पाठीत धपाटा घातला. फ्राउ क्राउझ यांनी डोळे पुसत विचारलं, "पण कठड्याचं बोललं कोण? मी तर ठरल्याप्रमाणे गप्प होते." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच बोललं नव्हतं. संघर्ष चक्रावला. तोही बोलला नव्हता, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

अंजनाबाईंना मात्र कसलंच कोडं पडलं नव्हतं. मुलाचा हात धरून त्या थेट फ्राउ झायडल यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तिले सांग," त्या अभिमानानं म्हणाल्या, "माझ्या पोरानं माझं बोलणं जसंच्या तसं पोचवलं, म्हणून हे झालं."

संघर्षला जमिनीत शिरावंसं वाटलं. "आई म्हणते, खूप आभार," तो जर्मनमध्ये कसाबसा पुटपुटला.

फ्राउ झायडल यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग अंजनाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "खरंच गुणाचा आहे हो तुमचा मुलगा. तुमचा एक शब्दसुद्धा गाळला नाही त्यानं."