फोटोला दावं

"गुरुजी, आता एक ओळ जरी वाढवली तरी सगळं पुस्तक घसरंल," धम्मशीला म्हणाली.

पंडित गुरुजींनी ऐकलं नाही. ते निवृत्त झाले होते, त्यांचं लाल पेन झालं नव्हतं. बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्याचे ते चिटणीस. पुस्तिकेच्या सुरुवातीला त्यांचं मनोगत होतं आणि त्यात समाजसेवा फक्त दोनदाच आली होती. त्यांनी आणखी सात ओळी सांगितल्या. सोनपेठच्या आपल्या टायपिंगच्या दुकानात धम्मशीलाने त्या मुकाट्याने टाकल्या आणि पानं छापून त्यांच्या हातात दिली.

शेजारच्या स्टुलावर गुरुजींचा मुलगा सिद्धोधन बसला होता. वय चौतीस, पालमला खत-बियाण्यांच्या दुकानात नोकरी. पुस्तिकेत नाव येण्याचं हे तिसरं वर्ष. यंदा जमलंच पाहिजे, एवढ्या एका काळजीपोटी गुरुजींनी चिटणीसपद घेतलं होतं आणि मुलांच्या यादीत पहिला नंबर त्याला देऊन टाकला होता. आल्यापासून सिद्धोधन 'जय भीम' सोडून काही बोलला नव्हता. बोलायला वडील होतेच.

गुरुजींनी पान उलटलं आणि ओरडलेच. पहिल्या मुलीच्या फोटोशेजारी छापलं होतं, 'मी गेली चाळीस वर्षे समाजाची सेवा करीत आहे.' तिची माहिती दुसरीच्या फोटोपाशी, दुसरीची तिसरीपाशी. सिद्धोधनच्या माहितीशेजारी तर मानवतचा एक टकलू नवरदेव गॉगल लावून उभा होता.

"ह्ये काय करून ठिवलं, पोरी? सात ओळीत सत्तर लग्नं मोडली!"

"मजकूर वाढला की खाली सरकतो, गुरुजी. फोटो जागचा हालत न्हाई. त्याला मजकुरातल्या शब्दाला बांधावं लागतं, जनावराला दावं लावल्यावानी. तुमी लय घाई करायलाव, बांधायचं राहिलं."

"मग माझं पोरगं कुठं गेलं?"

पोरगं मागच्या पानावर सापडलं. फोटो त्याचाच होता. शेजारची माहिती गुरुजींनी वर्गात धडा वाचावा तशी खणखणीत वाचली. "वय एकतीस. स्वतःचं टायपिंगचं दुकान. स्वयंपाक बेताचा. स्वभाव स्पष्ट. अपेक्षा, मुलगा कमी बोलणारा असावा."

पुस्तिकेत मुलांच्या आधी मुलींची यादी होती. मुलींच्या यादीतलं ते शेवटचं नाव धम्मशीलाचं होतं. सगळ्यांचं टाइप करून झाल्यावर तिने हळूच आपलं टाकलं होतं.

"लगीच नीट करते," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिने घाईघाईने माऊस धरला.

"बाकीचे बांधा," सिद्धोधन म्हणाला. "ह्ये राहू द्या."

दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"आरं, चुकीचं हाय ते!" गुरुजी म्हणाले.

"ह्या पानात चूक न्हाई, अण्णा."

गुरुजींनी लाल पेन उघडून मजकूर पुन्हा तपासला. 'स्वयंपाक बेताचा'पाशी ते जरा थबकले, पण ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं.

"बोलतात की हे," धम्मशीला त्यांना म्हणाली.

"एवढंच," सिद्धोधन म्हणाला. "जास्त न्हाई बोलत."

धम्मशीलाला हसू आवरेना. तिने माऊस सोडून दिला.

फाइल छापखान्यात धाडण्याआधी गिऱ्हाइकाने कागदावर 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही करायची, हा दुकानाचा नियम होता. तिने सवयीने ते पान गुरुजींपुढे सरकवलं.

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं.

"हितं माझी सही चालायची न्हाई," ते म्हणाले. "तुमी दोघं करा."