मोजून तीन मिनिटं

"काकू, सोनेरी केसांना जांभळा शाम्पू लावला तर डोक्याचं वांगं होतं का हो?"

हा प्रश्न विचारायची पैज दोन मैत्रिणींनी लावली होती. दोघीही पार्लरच्या काचेला बाहेरून नाक चिकटवून खिदळत होत्या. टिटवीला मात्र उत्तर खरंच हवं होतं. टिटवी हे बाबांनी ठेवलेलं नाव, तोंडाची टकळी कधी थांबत नाही म्हणून. उद्या ती शाळेच्या स्टेजवर पहिल्यांदाच एकटी बोलणार होती, आणि ऐन वेळी खांद्यावर रुळणारे सोनेरी केस जुन्या पितळेसारखे पिवळट पडले होते.

पार्लरवाल्या काकू हसल्या. "जांभळा रंग पिवळेपणा मारतो. पण मोजून तीन मिनिटं हं! विसरलीस तर वांगंच. ये, मुळं बघू दे."

"नको, नको!" टिटवी टुणकन मागे सरली. "मला गुदगुल्या होतात."

पैसे देऊन, शाम्पूची बाटली छातीशी धरून ती बाहेर पळाली. वारा सुटला होता. नेहमीसारखा एक हात डोक्यावर दाबलेला.

घरी आईने बाटली उलटसुलट करून पाहिली. "जपून गं. दोन वर्षांत मी त्या केसांना कात्रीसुद्धा लावू दिलेली नाही."

"आई, तीन मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे?"

तिने न्हाणीघराची कडी लावली. केस पाण्यात सोडले, जांभळा फेस न चोळता हलकेच दाबून लावला, आणि तेवढ्या वेळात आरशासमोर भाषण म्हणून घ्यायचं ठरवलं.

पहिलं वाक्य जमलं. दुसरं तर झकास! हातवारे, भुवया, टाळ्यांसाठी मध्येच थांबणं... एरवी या आरशासमोर तिची नजर खाली असायची. आज ती स्वतःच्या डोळ्यांत बघून शेवटपर्यंत बोलली. अंगावर काटा आला. मग पुन्हा पहिल्यापासून!

घड्याळ पाहिलं तेव्हा पंचवीस मिनिटं उलटली होती.

ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. कानामागून एक बट लोंबत होती. गर्द जांभळी.

"अगं बाई!" आई मटकन खुर्चीत बसली. "आता उद्या?"

"पुन्हा धुऊन बघू," बाबा म्हणाले.

"जाणार नाही तो रंग. मी शाळेत चिठ्ठी देते, ताप आलाय म्हणून."

"चिठ्ठी नको." टिटवीचे डोळे चमकत होते. "मी जाणार. आत्ताच ठरवलंय."

"या जांभळ्या केसांनी?"

"छे!"

तिने टॉवेल केसांसकट डोक्यावरून उचलला, बाबांच्या हातात दिला आणि आपल्या गुळगुळीत डोक्यावरून ऐटीत हात फिरवला.

"केस राहू देत घरी वाळत. मी अशीच जाणार."