लिंबाच्या ओळी

महादेवीनं साडीची पिशवी उघडूनसुद्धा पाहिली नाही. तशीच ती भावाच्या स्कूटरला अडकवली आणि म्हणाली, "हक्कसोडीवर मी सही करणार न्हाय, अण्णा. साडी वहिनीला ने. तिला शोभंल."

शिवपुत्रचं तोंड एवढंसं झालं. या दोन एकरांसाठी तो सोलापुरातलं दुकान बंद ठेवून आला होता. सोबत साक्षीला मल्लप्पाकाकांना आणलं होतं. चारचौघींसारखी साडीचोळी घेऊन, डोळ्याला पदर लावून बहीण आपला हिस्सा सोडून देईल, असं त्यानं घरूनच ठरवून टाकलं होतं. ठरवायला काय जातं?

"मग घे वाटा," तो म्हणाला. "जमीन सामाईक राहू दे, झाडं वाटून घेऊ. चंदनाच्या ओळी माझ्या, लिंबाच्या तुझ्या. ह्याच्याहून सरळ वाटणी कुटं असती का?"

रानात एक ओळ चंदनाची, एक कडुलिंबाची, अशी नऊ वर्षांची झाडं उभी होती. लावली त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी; जगवली महादेवीनं. शिवपुत्र दिवाळीला यायचा आणि चंदनाचे फोटो काढून न्यायचा.

काकांनाच लाजल्यासारखं झालं. "शिवपुत्र, लिंबाचं सरपण घिऊन ती काय करंल रे?"

"चालंल, काका. लिहा," महादेवी म्हणाली. "आन् लिंबाचं काय करायचं ते मी ठरवणार, हेबी लिहा."

स्कूटरच्या सीटवर कागद झाला. तिघांच्या सह्या झाल्या. शिवपुत्रनं लगेच खोपीतला चुना कालवला आणि आपल्या चंदनांवर पांढरे पट्टे ओढायला लागला.

"उद्या माझी झाडं तोडायला माणसं बोलावते," महादेवी म्हणाली.

"तोड की! चंदनाला मोकळी हवा मिळंल."

तिला हसू आलं आणि रागही आला. मध्ये लिंब कशाला लावलेत, हे नऊ वर्षांत या माणसाला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

तिनं दोघांना बांधाच्या कोपऱ्यात नेलं. तिथली तीन चंदनं शेंड्यापासून वाळत चालली होती.

"रोग पडलाय," शिवपुत्र म्हणाला.

"रोग न्हाय. गेल्या वादळात इथले लिंब पडले."

मग ती एका हिरव्या चंदनापाशी उकिडवी बसली आणि खुरप्यानं हळूहळू माती बाजूला केली. लिंबाचं बोटभर जाड मूळ उघडं पडलं. त्यावर चंदनाचं बारीक मूळ येऊन, गाईच्या कासेला गोचीड चिकटावी तसं घट्ट बसलं होतं.

"ह्याला एकट्याला पोट भरता येत न्हाय. लिंबाच्या मुळातनं ओढतंय, तवा हिरवं हाय. लिंब गेला की हेबी गेलं."

काका वाकून बघत राहिले. "आरारा! एवढा वासाचा तोरा, आन् जेवतंय लिंबाच्या ताटात!"

शिवपुत्रच्या हातातला ब्रश ठिबकत होता. मग तो बहिणीकडं बघून हसला. "तू तोडणार न्हाईस. तुझा जीव हाय ह्या झाडांत. मला ठावं हाय की."

ते खरंच होतं. उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी वाहून तिनं एकेक रोप तगवलं होतं. आणि हा माणूस तिच्या त्या मायेवरच निवांत होता, याचा तिला असा संताप आला की ती खोपीत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. शिवपुत्रच्या सगळ्यांत जाड चंदनाशेजारचा लिंब तिनं निवडला. पहिला घाव घालण्याआधी तिनं बुंध्यावरून एकदा हात फिरवला. तरी तिनं घातला. साल उडाली. दुसरा घातला.

"थांब!" शिवपुत्र धावला. "थांब, बाई! काय पायजे तुला?"

"अर्धं चंदन."

त्यानं काकांकडं पाहिलं. काकांनी आधीच दुसरा कागद काढून पेनाचं टोपण उघडलं होतं.

"लिहा," तो कसाबसा म्हणाला.

महादेवीनं कुऱ्हाड खाली ठेवली. मूठभर ओली माती घेतली आणि चंदनाच्या ओळीतून चालत निघाली. एक झाड सोडायची, पुढच्या झाडावरचा पांढरा पट्टा मातीनं पुसून टाकायची. एक सोडायची, एक पुसायची. शिवपुत्र चुन्याची बादली घेऊन तिच्या मागं मागं चालला होता.

"आन् लिंब?" त्यानं विचारलं. "ते तरी अर्धे अर्धे?"

"ते माझेच," मागं न बघता ती म्हणाली. "सही केलीस की."