उण्याची रेघ

कुकरची शिट्टी झाली, तरी तृप्तीचा कामाचा व्हिडिओ कॉल चालूच होता. ती बनवत असलेल्या हवामानाच्या वेबसाइटवर उणे तापमानाआधीची रेघ आखूड दिसते, म्हणून काम तपासणाऱ्या टेंबे सरांनी चार दिवस काम अडवलं होतं.

“हायफन वेगळा, उणे चिन्ह वेगळं, मॅडम! जगाला काय तोंड दाखवणार?”

तृप्तीने सगळीकडे खरं, लांब उणे चिन्ह घातलं.

“वा! उणे एकतीस आता काय शोभून दिसतंय!” सर मोहरले.

तो आकडा तिचा नवरा तैनात असलेल्या सीमेवरच्या गावाचा होता. आखूड रेघ पहिलीतल्या गार्गीला दिसायचीच नाही. “बाबांकडेही आपल्यासारखं एकतीसच,” असं तृप्ती रोज लेकीला सांगायची.

आज गार्गीने मांडीवर चढून स्क्रीनवर बोट ठेवलं.

“आई, बाबांच्या एकतीसआधी ही रेघ कुणी काढली गं?”