दोन विरुद्ध एक

अमडापूरच्या बाजारात योगिनी तिच्या मावशीच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, सुकटीच्या दुकानावर बसली होती. मांडीवर समुद्रातल्या माशांच्या पाहणीचा अहवाल होता अन् फोनच्या स्पीकरवर मुंबईचे साहेब.

"पाण्याच्या डीएनए तपासणीत तो मासा आहे, पण जाळ्यात नाही, कॅमेऱ्यातही नाही. दोन विरुद्ध एक. 'मासा नाही' असं लिहून टाका. त्या एका माशापायी बंदराचं काम अडलंय."

"साहेब, तिन्ही एकत्र ठेवून बघायचं असतं. हे काय मतदान आहे?" योगिनीचा आवाज चढला.

मुंबईहून आलेली सुकट निवडता निवडता मावशीनं अहवालातल्या फोटोवर बोट ठेवलं. "हा, शेपटीवर काया ठिपका असलेला? याले तं मी रोज निवडून फेकून राह्यली!"

सुपाच्या कडेला नखाएवढ्या वाळक्या माशांचा ढीग होता. प्रत्येकाच्या शेपटीवर काळा ठिपका.

योगिनीनं घाईघाईनं ते सांगितलं. साहेब हसले. "बुलढाण्यात कुठून आला समुद्र?"

मावशीनं फोन ओढून घेतला. "समुद्र तुमच्याकडंच हाय, साहेब. पण त्याची सारी पिल्लं वाळून माया सुकटीच्या पोत्यात येऊन राह्यली, तं मोठा मासा तुमाले दिसन कसा?"