जास्तीचा श्वास

दम्याने बेजार सुमंतरावांनी आपल्या जुन्या गाडीला बाहेरची हवा ओढून घेणारा टर्बो बसवून घेतला होता. "मला नाही, निदान इंजिनाला तरी जास्तीचा श्वास मिळू दे," ते बायकोला, वेदश्रीला, म्हणायचे.

ते गेल्यावर गाडी पोर्चमध्ये बंदच होती. तरी वेदश्री तिन्हीसांजेला दिवा लावायची तेव्हा बॉनेटखालून टर्बोची शीळ यायची. वारा नसताना ज्योत तिकडे ओढली जायची. दिवा विझू द्यायचा नाही हा तिचा नेम, म्हणून ती हाताचा आडोसा धरायची.

शेवटी तिने तारिहाळच्या मेकॅनिकला बोलावून टर्बो बघायला सांगितलं.

"टर्बो कुठला अक्का? अण्णा गेल्यावर मीच काढून नेलो की!"

तो गेला. घर पुन्हा सुनं झालं. सांजेला शीळ आली. वेदश्रीने आज आडोसा धरला नाही.

"घ्या हो," ती हळूच म्हणाली, "पोटभर घ्या."

ज्योत विझली. शीळ थांबली नाही. आता तिच्या छातीतला श्वास तिकडे ओढला जाऊ लागला.