पूर्ण बाही

“बाथरूममध्ये पाय घसरला,” पद्मजाबाईंनी लेकीच्या आधीच सांगून टाकलं.

नर्सने मान वर केली. “मी यांना विचारलं, मावशी.”

पद्मजाबाई गप्प झाल्या. नारायण पेठेत त्यांना गप्प करणारं माणूस अजून जन्मायचं होतं. माप दोनदा घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारी बाई, म्हणून शिवणकामात त्यांचं नाव होतं. पण इथे हॉस्पिटलात कोण विचारतो?

समोर स्टुलावर स्वराली, त्यांची एकुलती एक लेक, सुजलेलं मनगट सांभाळत बसली होती. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसत होतं. शेजारी जावई उभा. आमोद, सॉफ्टवेअर इंजिनिअर, धायरीला स्वतःचा फ्लॅट. पुढच्या आठवड्यात कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती आणि स्वरालीही सोबत जाणार होती. पद्मजाबाईंचे साऱ्या आळीत पेढे वाटून झाले होते.

“आपण बाहेर थांबा,” नर्स आमोदला म्हणाली.

“मी नवरा आहे.”

“म्हणूनच.”

तो हसला. “लवकर आटपा, पॅकिंग राहिलंय,” असं म्हणून बाहेर गेला. नर्सने दार लावून घेतलं आणि स्वरालीजवळ बसली.

“घरी कोणी हात उचलतं का? तुम्ही म्हणाल तरच हे बोलणं या खोलीबाहेर जाईल. खाली द्वारकाताई बसतात. अशा बायकांच्या पाठीशी उभं राहणं हेच त्यांचं काम. आज घरी जायचं नसेल तर इथेच ठेवून घेऊ. डॉक्टरांशी मी बोलते.”

स्वरालीने आईकडे पाहिलं. लहानपणी शाळेत बाईंनी काही विचारलं की पाहायची, तसंच. पद्मजाबाईंनी नजर फरशीकडे वळवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर लेकीचं मनगट नव्हतंच. पेढे खाल्लेल्या बायका होत्या.

“पाय घसरला,” स्वराली म्हणाली.

नर्स नाइलाजाने उठली. प्लास्टर घालायचं तर बाही वर करायला हवी होती. भर एप्रिलात पोरीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस, आणि सुजेमुळे बाही सरकता सरकेना. नर्सने कात्री उचलली तशी स्वराली दचकली.

“नको ना! आईने शिवलाय.”

“सुरेख शिवलाय. पण एवढ्या उन्हाळ्यात पूर्ण बाही?”

“ऑफिसात एसी फार असतो,” स्वराली घाईघाईने म्हणाली. नर्स तिच्याकडे नुसती बघत राहिली. त्या नजरेपुढे तिला राहवेना. मान खाली घालून ती पुटपुटली, “आईला यातलं काही माहीत नाही हो. तिच्यासमोर नका विचारू.”

पद्मजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार हिने खायचा आणि वर अब्रू आईची झाकायची!

त्या उठल्या. नर्सच्या हातातली कात्री घेतली आणि स्वतः शिवलेली बाही मनगटापासून खांद्यापर्यंत उभी कापत नेली. दंडावर बोटांचे वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले. काही कालपरवाचे.

“आई!” स्वराली ओरडली.

पद्मजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढं धैर्य अजून आलं नव्हतं. त्या नर्सला म्हणाल्या, “लिहून घ्या, सिस्टर. आणि त्या ताईंना वर बोलवा. एसी नाही नि काही नाही, नोकरी सोडून वर्ष झालं हिला. आणि मला सगळं माहीत आहे. टेप लागली की कळवळते, म्हणून वर्षभर हिच्या दंडाचं माप मी नुसत्या नजरेने घेते.”